यूएन मार्कच्या बॉक्समध्ये बाटली, बूच, टेप बदलली तर पुन्हा टेस्टिंग लागतं का?

तारापूर_डिस्पॅच

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. माल आयसोप्रोपॅनॉल, यूएन १२१९, वर्ग ३ (ज्वलनशील द्रव), पॅकिंग ग्रुप २ (मध्यम धोका). एक लिटरच्या एचडीपीई (प्लास्टिक) बाटल्या, १२ नगांचा कोरुगेटेड बॉक्स, आत पार्टिशन. यूएन मार्क (धोकादायक मालाच्या पॅकिंगने ठरलेल्या टेस्ट पास केल्याची खूण) ४जी/वाय१४/एस, म्हणजे कोरुगेटेड बॉक्स, पॅकिंग ग्रुप २ च्या लेव्हलची टेस्ट, भरलेलं वजन १४ किलोपर्यंत, आत बाटल्या. बहुतेक माल न्हावाशेवाहून समुद्रमार्गे अमेरिकेला जातो, नमुन्यांचे बॉक्स कधीकधी विमानाने.

खर्च कमी करण्यासाठी परचेसने पुढचे बदल सुचवले आहेत:

१) बाटली ८२ ग्रॅमऐवजी ७० ग्रॅमची. ब्लो मोल्डरही नवा.
२) बुचात इंडक्शन सीलच्या (तोंडावर चिकटणाऱ्या फॉइलच्या) वॅडऐवजी, म्हणजे बुचातल्या चकतीऐवजी, साधा ईपीई (फोमचा) वॅड.
३) सात प्लायऐवजी (कागदाच्या सात थरांऐवजी) पाच प्लाय बॉक्स. सप्लायर म्हणतो बर्स्टिंग तेवढंच देतो.
४) बीओपीपी टेप ७२ मिमीऐवजी ४८ मिमी.
५) बॉक्सवरच्या छपाईचा रंग आणि लोगोची जागा.
६) एका ग्राहकाला त्याच बॉक्समध्ये ५०० मिलीच्या बाटल्या हव्यात. दुसऱ्याला एक लिटरच्याच, पण १२ ऐवजी ८.

परचेसचं म्हणणं, बॉक्सचं माप तेच आहे आणि सर्टिफिकेटची मुदत शिल्लक आहे, मग टेस्टिंगचा प्रश्नच येत नाही. हे बरोबर आहे का? नसेल तर यातल्या नेमक्या कशाला टेस्टिंग लागेल?

टेस्टलॅब_ठाणे

परचेसचं म्हणणं बरोबर नाही. सर्टिफिकेटची मुदत आणि डिझाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेस्ट रिपोर्टमध्ये ज्या वस्तूचं वर्णन आहे तीच वस्तू तुम्ही भरत असाल तरच मुदतीला अर्थ आहे.

आयएमडीजी कोडच्या (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) ६.१.५.१.२ मध्ये डिझाइन टाइपची व्याख्या आहे. रचना, आकारमान, मटेरिअल आणि त्याची जाडी, बनवण्याची व भरण्याची पद्धत यांवरून तो ठरतो. पृष्ठभागावरची प्रक्रिया वेगळी असली किंवा फक्त उंची कमी असली तरी डिझाइन टाइप तोच राहतो. पुढे ६.१.५.१.४ मध्ये स्पष्टच आहे की डिझाइन, मटेरिअल किंवा बनवण्याची पद्धत बदलणाऱ्या प्रत्येक फेरफारानंतर टेस्ट पुन्हा करायच्या. किरकोळ फरकांसाठी निवडक टेस्टवर भागवायची परवानगी ६.१.५.१.५ मध्ये आहे, पण ती देणार सक्षम प्राधिकारी. परचेस किंवा आपण स्वतः नाही.

तर तुमची यादी:

छपाईचा रंग आणि लोगो: टेस्ट नाही. फक्त यूएन मार्क झाकला जाणार नाही, अक्षरांचा आकार घटणार नाही आणि बाणांची लेबलं जागेवर राहतील एवढं बघा.

बाटली ८२ वरून ७० ग्रॅम: टेस्ट हवी, वाद नको. वजन १२ ग्रॅमनी कमी म्हणजे भिंतीची जाडी कमी, आणि ती सगळीकडे सारखी कमी होत नाही. ब्लो मोल्डिंगमध्ये पॅरिसन (गरम प्लास्टिकची नळी) ताणला जातो तेव्हा तळाचे कोपरे आणि खांदा आधी पातळ होतो. आत प्लास्टिकच्या बाटल्या असलेल्या बॉक्सची ड्रॉप टेस्ट उणे १८ अंश किंवा त्याखाली थंड करून होते. बाटल्या किमान ९८ टक्के भरलेल्या असतात आणि वाय लेव्हलला उंची १.२ मीटर. त्या तापमानाला एचडीपीईची लवचीकता बरीच कमी होते. फुटलेली बाटली हातात घेऊन बघा, चीर जवळपास नेहमी तळाच्या पिंच-ऑफ रेषेपासून (साचा मिटतो तिथली रेषा) सुरू झालेली असते. जड बाटलीत तिथे मटेरिअल जास्त असल्यामुळे ती निभावते.

नवा मोल्डर हे एकटं कारण टेस्ट मागत नाही. नियम सप्लायरचं नाव बघत नाही, स्पेसिफिकेशन बघतो. तोच ग्रेड, तेच वजन, तोच नेक (बाटलीचं तोंड), तीच किमान जाडी असेल तर मोल्डर बदलता येतो. पण ते सिद्ध करणारा कागद फाइलला हवा: ड्रॉइंग, रेझिनचा ग्रेड, साच्याच्या प्रत्येक कॅव्हिटीतल्या (खाचेतल्या) नमुन्यांचं वजन आणि तळ, खांदा, मधली भिंत या तिन्ही ठिकाणच्या जाडीचे आकडे. नुसतं 'सेम बॉटल आहे सर' चालत नाही.

वॅडचा बदल: बूच स्क्रूचंच राहिलं म्हणून तो किरकोळ वाटतो, पण इंडक्शन फॉइल काढलं की गळती अडवणारा एक अख्खा थर गेला. उरला फक्त वॅडचा दाब. तोही टॉर्कवर (बूच आवळण्याच्या जोरावर) अवलंबून, आणि ईपीई दाबून राहिला की काही दिवसांनी बसतो, टॉर्क उतरतो. बॉक्स डोक्यावर पडतो तेव्हा सगळा मार बुचावर येतो. त्यामुळे याचीही टेस्ट. बाटली बदलणारच असाल तर दोन्ही बदल एकाच सेटमध्ये घ्या, वेगवेगळे पैसे घालवू नका.

बॉक्सबद्दल कोरुगेशनवाल्यांनी सांगावं. पण सात प्लायवरून पाच प्लाय म्हणजे नवं डिझाइन, यात शंका नाही.

नमुने किती लागतील ते सांगतो. ड्रॉपसाठी पाच बॉक्स, प्रत्येकाला एकच ड्रॉप: तळावर सपाट, वरच्या बाजूवर सपाट, लांब बाजूवर, आखूड बाजूवर आणि कोपऱ्यावर. स्टॅकिंगसाठी तीन. हाताशी तीन-चार जादा ठेवा. भरताना प्रत्यक्ष लाइनवरचा टॉर्क, प्रत्यक्ष टेप, प्रत्यक्ष पार्टिशन वापरा. लॅबला पाठवायचे म्हणून खास घट्ट बुचं लावलेले नमुने पास होतात आणि नंतर लाइनवरचा माल गळतो.

कोरुगेशन_भोसरी

तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याबद्दल.

'बर्स्टिंग तेवढंच' हे उत्तर आमच्या धंद्यात सर्रास दिलं जातं, पण बर्स्टिंग कागद फाटायला लागणारा दाब मोजतं. बॉक्स थप्पीत उभा राहतो तो कडेच्या ताकदीवर, म्हणजे एज क्रश आणि बोर्डची जाडी यांवर. सात प्लायमध्ये फ्लूटचे (नागमोडी कागदाचे) तीन थर, पाचमध्ये दोन. जास्त बीएफचा (बर्स्टिंग फॅक्टरचा) कागद लावून बर्स्टिंगचा आकडा गाठता येतो, पण गेलेली जाडी परत येत नाही.

स्टॅकिंग टेस्टचा हिशोब करून बघा. बॉक्स ३० सेमी उंच धरला तर ३ मीटरच्या थप्पीत १० बॉक्स, म्हणजे खालच्यावर ९. प्रत्येकी १४ किलो धरले तर १२६ किलो, २४ तास. बॉक्स चेपून थप्पी डळमळायला लागली तर फेल. अमेरिकन पद्धतीने स्थिर वजनाऐवजी कॉम्प्रेशन मशिनवर केली तर १.५ चा गुणक लावून १८९ किलो. पाच प्लाय हे झेलू शकतो, अगदी आरामात, पण कागद आणि फ्लूट नीट निवडले तरच. म्हणून टेस्ट करून घ्या.

आणि टेस्टच्या आधी बोर्ड २३ अंश, ५० टक्के आर्द्रतेत २४ तास कंडिशन होतो. जुलैमधलं तारापूरचं गोदाम म्हणजे ते वातावरण नव्हे. काठावर पास होणारा बॉक्स पावसाळ्यात नक्की चेपणार. कॉब टेस्टची मर्यादा ३० मिनिटांत चौरस मीटरला १५५ ग्रॅम पाणी शोषण अशी आहे, ती बाहेरच्या लायनरला (सपाट कागदाला) लागू. कागद बदलला की कॉब पुन्हा बघावाच लागतो, कारण रिसायकल्ड क्राफ्टमध्ये सायझिंग (पाणी शोषण रोखणारी प्रक्रिया) लॉटगणिक बदलतं.

एक सवलत आहे जी आपल्याकडे फारशी कुणी वापरत नाही. अमेरिकेच्या ४९ सीएफआर (तिथले धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नियम) १७८.५१६ मध्ये ४जी कॉम्बिनेशन (बॉक्सच्या आत बाटल्या अशा) पॅकिंगसाठी सूट आहे की प्रत्येक कागदाचं जीएसएम (चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) मूळ डिझाइन टेस्टच्या रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा १० टक्के वर-खाली झालं तरी चालतं. म्हणजे रिपोर्टमध्ये १८० जीएसएम असेल तर १६५ चालेल, १५० चालणार नाही. हे प्रत्येक थराला वेगळं लागू आहे, एकूण बेरजेला नाही. एका लायनरला कमी करून दुसऱ्याला वाढवलं, असं करता येत नाही. रिपोर्टमध्ये थरागणिक जीएसएम लिहिलेलंच नसेल तर या सवलतीचा उपयोग शून्य, म्हणून टेस्टला देतानाच ते लिहून घ्या. सर्टिफिकेट इथलं असल्याने ही सूट इथे वापरण्याआधी ज्यांनी सर्टिफिकेट दिलं त्यांच्याकडून लेखी घ्यावं हे बरं.

टेप: बंद करण्याची पद्धत हा डिझाइनचाच भाग आहे. रिपोर्टमध्ये ७२ मिमी, मधल्या जोडावर एक पट्टी, दोन्ही टोकांना ७५ मिमी खाली, असं असेल तर ४८ मिमी ही वेगळी पद्धत झाली. कोपऱ्यावरच्या ड्रॉपमध्ये टेप सुटते ती जोडाच्या टोकाला, मध्ये नाही. रिसायकल्ड कागदाचे तंतू सैल असतात, टेप कागदाचा पापुद्राच घेऊन निघते. ४८ मिमी वापरायचीच असेल तर एच पद्धतीने लावा, म्हणजे मधला जोड आणि दोन्ही कडांवर पट्ट्या, आणि तसाच बॉक्स टेस्टला द्या. अर्थात तीन पट्ट्यांत वाचलेले पैसे परत जातात, हे परचेसला सांगा.

रसायनी_स्टोअर्स

५०० मिलीला काही लागत नाही. लहान बाटली केव्हाही चालते, वजन कमीच होतं ना.

डीजी_न्हावाशेवा

'केव्हाही' नाही. सवलत आहे, पण अटींसकट. आयएमडीजीत ती ४.१.१.५.१ मध्ये आहे, अमेरिकेत १७८.६०१ च्या (जी)(१) मध्ये, ज्याला तिकडे व्हेरिएशन १ म्हणतात. दोन्हींचा गाभा सारखाच:

बाटली तेवढीच किंवा लहान हवी. आकार त्याच धाटणीचा, म्हणजे टेस्ट गोल बाटलीची झाली असेल तर चौकोनी नाही. मटेरिअलची मार आणि वजन झेलण्याची ताकद मूळ बाटलीइतकी किंवा जास्त. तोंड तेवढंच किंवा लहान, आणि बूच त्याच प्रकारचं. मोकळी झालेली जागा कुशनिंगने पूर्ण भरलेली. आणि बाटल्या बॉक्समध्ये त्याच दिशेने ठेवलेल्या.

५०० मिलीवाले नेमके दोन ठिकाणी अडकतात. पहिलं म्हणजे तोंड. एक लिटरला ३८ मिमी नेक असेल आणि ५०० मिलीला ओतायला सोपं म्हणून ४५ मिमी घेतला, तर बाटली लहान असूनही सवलत गेली. दुसरं म्हणजे उंची. ५०० मिलीची बाटली बुटकी, वर सात-आठ सेंटीमीटर पोकळी राहते. तिथे कोरुगेटेडचा पॅड टाकतात आणि तो पहिल्याच धक्क्याला खाली बसतो. पोकळी भरायची म्हणजे बाटली हलता कामा नये, वरचा फ्लॅप दाबला तर आत टेकला पाहिजे. घडी घातलेला उंचीचा इन्सर्ट किंवा बुटकं पार्टिशन अधिक पूर्ण पॅड, असं काहीतरी करा. आणि ५०० मिलीच्या दोन थरांची रचना करायचा विचार असेल तर थांबा, ती भरण्याची वेगळी पद्धत आहे आणि तिला टेस्ट लागेल.

१२ ऐवजी ८ बाटल्या: चालतं, रिकामे कप्पे भरून. त्यातही कडेचे कप्पे रिकामे ठेवू नका, मधले ठेवा आणि घट्ट भरा. हा नियम नाही, पण बाजूवर पडला तर रिकाम्या कप्प्याची भिंत आधी चेपते.

सवलत वापरताना एक पान लिहून ठेवा: मूळ रिपोर्टचा नंबर, प्रत्येक अट आणि ती कशी पूर्ण झाली, फोटो. चौकशी झाली तर हेच पान दाखवायचं असतं.

आता अमेरिकेबद्दल. तिथे 'वेगळं पॅकेजिंग' कशाला म्हणायचं हे १७८.६०१(सी)(४) मध्ये आहे: रचना, आकारमान, मटेरिअल, भिंतीची जाडी किंवा बनवण्याची पद्धत बदलली की ते वेगळं. भिंतीची जाडी हे शब्द तिथे थेट आहेत, म्हणून ७० ग्रॅमच्या बाटलीवर युक्तिवाद करायला जागाच नाही. शिवाय तिथल्या उत्पादकांना ठरावीक काळाने टेस्ट पुन्हा कराव्या लागतात, सिंगल (ड्रमसारख्या एकट्या) आणि कॉम्पोझिट (आतलं-बाहेरचं कायम जोडलेल्या) पॅकिंगला १२ महिन्यांत, कॉम्बिनेशनला २४ महिन्यांत. आपल्याकडे हा कालावधी सर्टिफिकेट देणारी संस्था ठरवते.

भारतात बनलेला यूएन बॉक्स तिकडे चालतो, पण १७३.२४(डी)(२) ची अट अशी आहे की तो भाग १७८ मधल्या टेस्ट पास होण्याच्या लायकीचा असला पाहिजे. त्यात १७८.६०८ ची व्हायब्रेशन टेस्टही आली, जी आयएमडीजीमध्ये बॉक्सला नाही. तीन नमुने, एक तास, २५ मिमी हालचाल, आणि वारंवारिता एवढी की बॉक्स टेबलावरून उचलला जाऊन खालून १.६ मिमीची पट्टी सरकावता यावी. साध्या ईपीई वॅडचं बूच सैल होतं ते इथेच. ड्रॉप पास झालेल्या बाटल्या व्हायब्रेशनला टिपूस गाळतात. तुमचा माल अमेरिकेलाच जात असेल तर नव्या सेटमध्ये ही टेस्टही करून घ्या. खर्च फार वाढत नाही आणि खरा दोष दिसतो.

विमानाने नमुने जातात असं लिहिलंय. तिथे आतल्या बाटलीने ९५ किलोपास्कल दाबाचा फरक न गळता सोसला पाहिजे. वॅड बदलला की जुना दाबाचा रिपोर्ट बाद. फॉइल काढणार असाल तर विमानाच्या मालासाठी जुनंच बूच चालू ठेवा, हा माझा आग्रह.

लोटे_क्यूए

याच धाग्यात विचारतो. २१० लिटरचे बंद तोंडाचे एमएस (साध्या स्टीलचे) ड्रम, यूएन मार्क १ए१. ड्रमवाला बॉडीचा पत्रा १.२ मिमीऐवजी १.० देतो म्हणतो, आणि बंगचं (ड्रमच्या बुचाचं) गॅस्केट वेगळ्या रबराचं. दोन्हीला पूर्ण टेस्ट का?

टेस्टलॅब_ठाणे

पत्र्याला पूर्ण. स्टील ड्रमसाठी अमेरिकेच्या १७८.६०१(जी)(८) मध्ये कशाने डिझाइन बदलतं याची यादीच दिली आहे. हे ५० लिटरपेक्षा मोठ्या, कोल्ड रोल्ड लो कार्बन पत्र्याच्या ड्रमला लागू. झाकण, बॉडी किंवा तळाची जाडी १० टक्क्यांहून जास्त वाढली किंवा थोडीही घटली तर नवं डिझाइन. साइड सीमच्या वेल्डिंगचा प्रकार, डबलऐवजी ट्रिपल सीम, रोलिंग हूप (बॉडीवरची उठावाची कडी) कमी करणं, हेही त्यात. उलट त्याच स्पेसिफिकेशनचा पत्रा दुसऱ्या सप्लायरकडून घेतला तर तो किरकोळ बदल, असं तिथे लिहिलेलं आहे.

गॅस्केटला मधला मार्ग आहे. अमेरिकन नियमातलं व्हेरिएशन ५, फक्त सिंगल पॅकिंगसाठी. बंद करण्याचा भाग किंवा गॅस्केट एवढंच बदललं असेल तर ज्या दिशेने पडल्यावर त्या बुचाला सगळ्यात जास्त मार बसतो त्या दिशेने ड्रॉप, आणि माल द्रव असेल तर लीकप्रूफ आणि हायड्रोस्टॅटिकही. ग्रुप २ साठी लीकप्रूफ २० किलोपास्कल, ५ मिनिटं. हायड्रोस्टॅटिक तुमच्या मार्कवर शेवटी जो दाब आहे तेवढा, स्टीलला ५ मिनिटं, प्लास्टिकला ३०. ड्रॉप तिरका, चाइमवर (ड्रमच्या टोकाच्या कडेवर), बंग जमिनीकडे येईल असा. तारापूरच्या बाटल्यांना हा मार्ग लागू नाही, कारण त्या कॉम्बिनेशनच्या आतल्या आहेत.

गॅस्केटचं रबर मालाशी जुळतं का हे या टेस्ट सांगत नाहीत. पाण्यावर पास झालेलं नायट्राइल एखाद्या कीटोनमध्ये फुगून बाहेर येतं. ते वेगळं तपासा: गॅस्केट प्रत्यक्ष मालात बुडवून, आधी-नंतर वजन, जाडी आणि कडकपणा मोजून. आणि नव्या गॅस्केटला बंगचा टॉर्क वेगळा लागतो. ड्रमवाल्याकडून बंद करण्याच्या सूचना नव्याने लेखी घ्या, भरणाऱ्या लाइनवर लावा. अमेरिकन नियमात त्या सूचना देणं बनवणाऱ्यावर आणि त्याप्रमाणे बंद करणं पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे.

तारापूर_डिस्पॅच

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा एक प्रश्न. नवा सेट पास झाला तर जुने छापलेले सात प्लाय बॉक्स बरेच पडून आहेत. त्यात नवी बाटली भरू शकतो का? आणि टेस्ट होईपर्यंत काय करायचं?

कोरुगेशन_भोसरी

जुन्या बॉक्सवर जुन्या डिझाइनचा मार्क आहे, त्यात जुनीच बाटली, जुनंच बूच, जुनीच टेप. नवी बाटली त्यात भरायची असेल तर लॅबला सांगा की सात प्लाय आणि पाच प्लाय दोन्ही बॉक्स नव्या बाटलीसह टेस्ट करायचे आहेत. तेवढ्यात स्टॉक संपणार असेल तर नका करू. नव्या सर्टिफिकेटचा नंबर हातात आल्याशिवाय छपाईचा स्टिरिओ (ठसा) बनवू नका. गोदामात दोन्ही बॉक्स वेगळ्या रॅकवर, वेगळ्या आयटम कोडने ठेवा, कारण बाहेरून ते सारखेच दिसणार.

डीजी_न्हावाशेवा

टेस्ट होईपर्यंत जुनंच कॉम्बिनेशन चालू ठेवा, परचेसने ऑर्डर दिली असली तरी. ७० ग्रॅमच्या बाटल्या आल्याच असतील तर देशातल्या धोकादायक नसलेल्या मालाला वापरून टाका.

५०० मिली आणि ८ नगांच्या ऑर्डरी मात्र जुन्या बॉक्समध्ये आजही जाऊ शकतात. ५०० मिलीच्या बाटलीचा ग्रेड आणि जाडी ८२ ग्रॅमच्या बाटलीइतकी हवी, नेक मोठा नको, बुचात फॉइल असलेलाच वॅड. बाटलीचं ड्रॉइंग इथे टाकलंत तर नेक आणि तळाची जाडी बघून सांगतो.